तीस तास, साठ महिने: अमेरिकेतल्या कुटुंब-मदतीच्या अटींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या 'वेल्फेअर'बद्दल मराठी घरांत दोन टोकांची मतं ऐकू येतात. पहिलं, तिकडे काम न करणाऱ्यालाही सरकार पोसतं. दुसरं, तिकडे गरिबाला कोणी विचारत नाही. दोन्ही मतं ठासून सांगितली जातात आणि सांगणाऱ्याला बहुतेक वेळा योजनेचं नावही ठाऊक नसतं. नाव आहे टॅनफ, म्हणजे 'गरजू कुटुंबांसाठी तात्पुरती मदत'. त्यातला 'तात्पुरती' हा शब्द फार गांभीर्याने घ्यायचा आहे.

अमेरिकेत खरंच बसून खाता येतं का?

लहान मुलं असलेल्या गरीब कुटुंबाला रोख पैसे देणारी मुख्य योजना टॅनफच. घरात मूल हवं (किंवा बाई गरोदर हवी), उत्पन्न अगदीच कमी हवं, आईबापांनी ठरलेले तास काम किंवा कामासारखं काहीतरी करायला हवं, आणि केंद्राच्या पैशातून हे सगळं आयुष्यात मिळून ६० महिनेच. मूलबाळ नसलेल्या धडधाकट माणसाला या योजनेतून दमडीही मिळत नाही.

रक्कम राज्यागणिक बदलते. मिसिसिपीत तीन माणसांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त २६० डॉलर मिळतात, तेही २०२१ साली वाढवले म्हणून. आधी १७० होते. त्यात घरभाडं सुटत नाही. धान्य-किराण्यासाठी 'स्नॅप' आणि औषधपाण्यासाठी 'मेडिकेड' या वेगळ्या योजना आहेत. टीव्हीवरच्या चर्चेत सगळ्यांची खिचडी करतात आणि बेरजेचा आकडा टॅनफच्या नावावर टाकतात.

मुळात ही कामाची अट आली कुठून?

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात ही मदत पहिल्यांदा देशपातळीवर आली, तेव्हा हेतू नेमका उलटा होता. नवरा गेलेल्या बाईला पोटासाठी घराबाहेर पडावं लागू नये, तिने मुलांजवळ राहावं, अशी कल्पना होती. डोळ्यांसमोर होती ती 'सभ्य' गोरी विधवा. १९३९ मध्ये विधवांना नवऱ्याच्या विम्यातून वेगळा लाभ मिळू लागला आणि त्या हळूहळू या योजनेतून बाहेर पडल्या. मागे राहिल्या टाकलेल्या, घटस्फोटित, अविवाहित आणि कृष्णवर्णीय आया. तिथून सूर बदलला.

लुइझियानाने १९४३ मध्येच नियम केला की शेतात मजुरी उपलब्ध असेल त्या दिवसांत आईला मदत नाही. कापूस वेचायला स्वस्त हात हवे होते, हे उघड आहे. कामाच्या अटीचा जन्म आळशीपणाच्या चिंतेतून झाला असं सांगणाऱ्यांना मी हे वर्ष आवर्जून सांगतो. अलाबामासारख्या राज्यांत घरात एखादा पुरुष येतो-जातो एवढ्यावर मुलांचे पैसे तोडत. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रद्द केला.

पुढे १९६७ आणि १९८८ च्या कायद्यांनी काम आणि प्रशिक्षणाच्या अटी आणल्या, पण त्या ढिल्या होत्या. मध्ये १९७६ च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी शिकागोतल्या एका ठकसेन बाईची गोष्ट गावोगाव सांगितली आणि 'वेल्फेअर क्वीन' हे बिरुद लाखो आयांना चिकटलं. १९९२ मध्ये बिल क्लिंटन 'आजवरचं वेल्फेअर संपवू' असं म्हणत निवडून आले. रिपब्लिकन पक्षाचं बहुमत असलेल्या काँग्रेसची (म्हणजे तिथल्या संसदेची) दोन विधेयकं त्यांनी नाकारली आणि तिसऱ्यावर २२ ऑगस्ट १९९६ रोजी सही केली. त्यांच्याच आरोग्य खात्यातले पीटर एडेलमन निषेध म्हणून राजीनामा देऊन बाहेर पडले. जुनी योजना मोडून टॅनफ आणणाऱ्या या नव्या कायद्याने एक गोष्ट स्पष्ट लिहून टाकली: ही मदत कोणाही व्यक्तीचा हक्क नाही.

आठवड्याला नक्की किती तास भरावे लागतात?

केंद्राच्या हिशोबात साधारण ३०. एकट्या पालकाचं मूल सहा वर्षांखालचं असेल तर २०. आईबाप दोघेही असतील तर मिळून ३५, आणि पाळणाघराचा खर्च केंद्राच्या पैशातून होत असेल तर ५५. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर राज्य त्या आईला सूट देऊ शकतं, पण 'देऊ शकतं' म्हणजे देईलच असं नाही.

एक हिशोब करून पाहा. आठवड्याला ३० म्हणजे महिन्याला साधारण १३० तास. मिसिसिपीचे २६० डॉलर त्याने भागले तर तासाला दोन डॉलर पडतात. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून सव्वासात डॉलर आहे. आता यातले बरेच तास मजुरीत मोडत नाहीत, नोकरी शोधणं किंवा वर्गात बसणं यात जातात, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण मदत आणि तास यांचं वजन तराजूत कुठे झुकतं ते दिसतं.

शिकत असले तर ते काम धरतात का?

धरतात, पण हात आखडता घेऊन. कायद्यात बारा प्रकारची 'कामं' दिली आहेत. पगारी नोकरी, सरकारी अनुदानावरची नोकरी, समाजसेवा, कामाचा अनुभव अशा नऊ प्रकारांतून आठवड्याचे किमान वीस तास भरले पाहिजेत. व्यवसाय शिक्षण त्या नवांत आहे, पण आयुष्यात फक्त बारा महिने. नोकरीचा शोध वर्षाला सहा आठवडे, त्यातही सलग चारच. बेकारी फार असेल तिथे बारा.

म्हणजे नर्सिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतलेली बाई पहिलं वर्ष सरकारी व्याख्येप्रमाणे 'कामात' असते आणि दुसऱ्या वर्षी, तीच पुस्तकं, तोच वर्ग, ती 'रिकामी' ठरते. तिने बर्गरच्या दुकानात पाळी धरली तर पुन्हा कामात. मला हा सगळ्या कायद्यातला सर्वांत करंटा नियम वाटतो. मेन राज्याने १९९७ मध्येच यातून पळवाट काढली: पदवी घेणाऱ्या पालकांना राज्याच्या स्वतःच्या पैशातून मदत दिली, म्हणजे तेव्हा केंद्राची फूटपट्टी लागत नसे.

तास कमी भरले तर काय होतं?

पैसे कापतात. किती, ते राज्य ठरवतं. कॅलिफोर्नियात पालकाचा वाटा जातो, मुलांचा चालू राहतो. बऱ्याच राज्यांत पूर्ण कुटुंबाचीच मदत बंद होते.

आणि इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कायदा तास भरा म्हणतो. कचेरी तासांचा कागद मागते. समजा, एक बाई हॉटेलात सफाईचं काम करते. पाळ्या मालकाच्या मर्जीवर. या आठवड्यात ३४ तास, पुढच्या आठवड्यात १६. तिला दर महिन्याला मालकाची सही, पगाराची चिठ्ठी आणि मुलाच्या शाळेच्या हजेरीचा कागद वेळेत पोचवायचाय. कचेरीची वेळ आणि तिची पाळी एकच. घर बदललं आणि नोटीस जुन्या पत्त्यावर गेली की झालं. फाइलवर शेरा पडतो, 'सहकार्य केले नाही'. तलाठी कार्यालयात दाखल्यासाठी चपला झिजवलेल्या माणसाला यात काही नवं वाटणार नाही.

टॅनफबाहेरचं एक उदाहरण याहून स्वच्छ आहे. आर्कान्सॉने २०१८ मध्ये मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास कामाची अट घातली. तास नोंदवायचे ऑनलाइन, आणि ते संकेतस्थळ रात्री नऊ ते सकाळी सात बंद! दिवसभर राबून रात्री मोबाइल उघडणाऱ्याने करायचं काय? काही महिन्यांतच १८ हजारांहून जास्त लोकांचं मेडिकेड गेलं. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली.

एक संरक्षण मात्र कायद्यात आहे. एकट्या पालकाचं मूल सहा वर्षांखालचं असेल आणि पाळणाघर मिळतच नसेल, तर तास भरले नाहीत म्हणून दंड करता येत नाही. पण त्या काळातही महिने मोजले जातात. दंड नाही, घड्याळ चालू.

ते ६० महिने कसे मोजतात?

सलग असण्याची गरज नाही. ज्या महिन्यात प्रौढ व्यक्तीने केंद्राच्या पैशातून मदत घेतली तो महिना मोजला, दहा डॉलर मिळोत की पाचशे. एका राज्यात ३० महिने घेऊन दुसऱ्या राज्यात गेलात तर पाटी पुसली जात नाही. लहानपणी आईच्या नावावर मिळालेली मदत मात्र तुमच्या खात्यात धरत नाहीत. फक्त मुलांसाठीच्या मदतीला (आजी सांभाळते आहे, किंवा पालकच अपात्र आहेत) ही मुदत लागू नाही. आजच्या प्रकरणांपैकी निम्म्याच्या घरात अशीच आहेत.

राज्य आपल्याकडच्या २० टक्के कुटुंबांना अडचणीच्या कारणावरून मुदतीपुढे ठेवू शकतं. घरात मारहाण होत असेल तर अटींतून सूट देण्याचीही मुभा आहे. उलट मुदत कमी करायलाही राज्य मोकळं आहे. ॲरिझोनाने २०१६ मध्ये ती १२ महिन्यांवर आणली. कनेक्टिकटमध्ये कित्येक वर्षं २१ महिने होती. कॅलिफोर्नियाने मंदीच्या तडाख्यात ६० ची ४८ केली आणि २०२२ मध्ये परत ६० केली. न्यूयॉर्कची गोष्ट निराळी: गरजूंना आधार देणं राज्याच्या घटनेतच लिहिलेलं असल्यामुळे साठ महिने संपले की कुटुंब राज्याच्या दुसऱ्या योजनेत जातं.

राज्यं इतकी कडक का वागतात? गरिबांवर राग आहे का?

राग असेलही, पण पैशाचं गणित जास्त बोलकं आहे.

जुन्या व्यवस्थेत कुटुंबं वाढली की केंद्राचा पैसाही वाढत असे. १९९६ पासून केंद्र दर वर्षी एक ठरावीक गठ्ठा देतं, सुमारे १६५० कोटी डॉलर. महागाईप्रमाणे तो वाढत नाही. तीसेक वर्षांत त्याची किंमत निम्म्याच्या आसपास घसरली. कुटुंबं कमी झाली तरी गठ्ठा तेवढाच येतो, म्हणजे एक कुटुंब यादीतून गेलं की तेवढे पैसे दुसरीकडे वळवायला मोकळे.

त्यात भर म्हणजे कामाचं उद्दिष्ट. मदत घेणाऱ्या कुटुंबांपैकी ५० टक्के 'कामात' असली पाहिजेत, दोन पालकांच्या कुटुंबांपैकी ९० टक्के; नाहीतर राज्याला दंड. पण यादी जितके टक्के आटते तितकं हे उद्दिष्ट खाली येतं. पात्रतेचे नियम बदलून झालेली घट यात धरायची नसते. कागद आला नाही म्हणून कटलेलं नाव मात्र खुशाल धरता येतं. यादी ४० टक्क्यांनी आटली की ५० चं उद्दिष्ट १० वर येतं. काही राज्यांचं तर शून्यावर आलं होतं! कुटुंबाला कामाला लावणं महाग: प्रशिक्षण, पाळणाघर, बसभाडं. नाव कापायला खर्च नाही.

हुशारी दुसऱ्या बाजूनेही झाली. आधीच नोकरी करणाऱ्या, स्नॅप घेणाऱ्या कुटुंबांना महिन्याला दहा डॉलर द्यायचे आणि त्यांना 'मदत घेणारी, कामात असलेली कुटुंबं' म्हणून मोजायचं. कॅलिफोर्नियाने हेच केलं. २०२३ च्या कायद्याने ३५ डॉलरांहून कमी मदतीची कुटुंबं मोजणीतून काढायचं ठरवलं आणि यादीची घट ज्या वर्षापासून मोजतात ते वर्ष २००५ वरून २०१५ वर आणलं.

उरलेला पैसा कुठे जातो? आज गठ्ठ्यातला आणि राज्यांच्या वाट्यातला मिळून जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या आसपास रोख मदतीवर खर्च होतो. बाकीचा पाळणाघरं, पूर्वप्राथमिक वर्ग, बालसंरक्षण अशा रास्त कामांवर जातो, पण मिशिगनसारख्या राज्यात कॉलेजच्या शिष्यवृत्त्यांवरही. मिसिसिपीत राज्याच्या लेखापरीक्षकाने किमान ७ कोटी ७० लाख डॉलरांची उधळपट्टी उघड केली. त्यात विद्यापीठातलं व्हॉलीबॉलचं स्टेडियमही होतं. ज्या राज्यात आईला १७० डॉलरसाठी हजेरी द्यावी लागत होती, त्याच राज्यात.

पण बायका नोकरीला लागल्या, हे खरं ना?

खरं आहे, आणि टीकाकारांनी ते मान्य करायला हवं. नव्वदीच्या उत्तरार्धात एकट्या आयांमधलं नोकरीचं प्रमाण झपाट्याने वाढलं. पण त्याच काळात बेकारी ४ टक्क्यांपर्यंत उतरली होती आणि १९९३ मध्ये कमावत्या गरिबांसाठीची करसवलत मोठी केली गेली होती. श्रेय तिघांत वाटावं लागतं.

यादी मात्र आटतच गेली. १९९४ मध्ये सुमारे ५० लाख कुटुंबं होती, आता १० लाखांच्या आसपास. १९९६ मध्ये मुलं असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ ना मदत पोचत होती. २०२० पर्यंत २१ ना. मधल्या काळात २००८ ची मंदी आली, नोकऱ्या गेल्या, स्नॅप फुगलं आणि टॅनफ जवळपास हललंच नाही. दुष्काळात न वाढणाऱ्या टँकरसारखी योजना.

मिनेसोटात १९९४ पासून एक प्रयोग झाला होता. तिथे नोकरी लागल्यावर मदत लगेच तोडली नाही, पगारावर भर म्हणून काही काळ चालू ठेवली. नोकऱ्याही वाढल्या आणि गरिबीही घटली. नुसत्या अटींनी पहिलं साधतं, दुसरं साधेलच असं नाही.

आपल्या रोजगार हमीतही काम केल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. मग फरक काय?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांवर आली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली योजना १९७७ मध्ये कायदा झाली आणि शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून तिला पैसा मिळाला. घोषणा होती 'मागेल त्याला काम'.

काम दोन्हीकडे आहे, पण हमी कोणाची? रोहयोत मजूर काम मागतो आणि ते शोधून देण्याची जबाबदारी सरकारची. पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारभत्ता. अमेरिकेत काम शोधायचं कुटुंबाने, सिद्ध करायचं कुटुंबाने, आणि नाही मिळालं तर चूक कुटुंबाची. २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं जमली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद होती.

रोहयोच्या हजेरीपटावर मेलेली माणसं राबल्याची उदाहरणं आपल्याला माहीत आहेत, मजुरी महिनोन्महिने अडकल्याचीही. भत्ता मागून मिळालेले मजूर शोधावे लागतील. हे सगळं मान्य. तरी कायद्यात देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण, हे उलटं लिहिलेलं आहे. आणि अलीकडच्या 'लाडकी बहीण'मध्ये तर कामाची अटच नाही, त्यामुळे तिची तुलना टॅनफशी करू नये.

एच-१बी वर असलेल्या मराठी कुटुंबाला टॅनफ मिळतं का?

नाही. ग्रीन कार्ड असलं तरी २२ ऑगस्ट १९९६ नंतर आलेल्यांना बहुतेक प्रकरणांत पाच वर्षं थांबावं लागतं. तिथे जन्मलेलं मूल अमेरिकन नागरिक असल्यामुळे कुटुंब खरंच अडचणीत असेल तर त्याच्यापुरती मदत मिळू शकते. ग्रीन कार्डाच्या अर्जात स्वतःसाठी घेतलेली रोख मदत विचारात घेतली जाते आणि ते नियम सरकार बदललं की बदलतात. म्हणून अर्ज करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपला विचारू नका.

२०२५ मध्ये काय बदललं?

टॅनफपेक्षा त्याच्या शेजाऱ्यांत जास्त बदललं. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने स्नॅपमधली कामाची अट ६४ वर्षांपर्यंतच्या प्रौढांना लावली आणि सर्वांत धाकटं मूल १४ किंवा त्याहून मोठं असलेल्या पालकांनाही. मेडिकेडच्या विस्तारित गटात (म्हणजे योजनेत नंतर सामावून घेतलेल्या कमी उत्पन्नाच्या प्रौढांना) महिन्याला ८० तासांची अट १ जानेवारी २०२७ पर्यंत सगळीकडे लागू करायची आहे. १३ वर्षांपर्यंतचं मूल असलेल्या पालकांना त्यातून सूट आहे. आर्कान्सॉचा धडा वाचून कोणी हे केलं असेल असं वाटत नाही.

मदत चुकीने बंद केली तर दाद मागता येते का?

येते. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सुनावणी दिल्याशिवाय मदत तोडता येणार नाही. १९९६ च्या कायद्याने 'हक्क' हा शब्द काढला, तरी राज्यं सुनावणी देतात. नोटिशीवरची तारीख बघा. तिच्या आत अर्ज केला तर बहुतेक ठिकाणी निकाल लागेपर्यंत पैसे चालू राहतात; हरलात तर परत मागू शकतात. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात आहेत.

महिने वाचवून ठेवता येतात का?

येतात, आणि जाणत्या बायका ते करतात. समजा अर्धवेळ नोकरी लागली आणि मदत घटून चाळीस डॉलरवर आली. त्या चाळीस डॉलरांसाठीही साठातला एक पूर्ण महिना जातो. अशा वेळी फाइल स्वतःहून बंद करावी आणि महिने पुढच्या संकटासाठी शिल्लक ठेवावेत. फक्त त्याआधी एवढं विचारून घ्या, की टॅनफ सोडल्यावर पाळणाघराचं अनुदान आणि मेडिकेड चालू राहणार का, आणि तुमच्या राज्यात नोकरी करणाऱ्यांसाठी घड्याळ थांबवण्याची सोय आहे का. इलिनॉयसारख्या राज्याने ती पूर्वीच केलेली आहे, पण खिडकीवरची व्यक्ती न विचारता सांगेल याचा भरवसा धरू नका.